बंद

जानेवारीतल्या एका मंगळवारी, तुर्कू शहरात,
बाहेर उणे एकोणीस असताना
आउने लेह्तिसालो यांच्या घरची ऊब गेली.
रेडिएटरवर वाळत घातलेले मोजे
सकाळी होते तसेच ओले.

त्यांनी फोन केला.
फोनवरच्या मुलीने तिन्ही पडद्यांवर पाहिलं, म्हणाली,
आमच्याकडे सगळं बरोबर दिसतंय.

आणि ते खरंच होतं.

मी तेव्हा तिसऱ्या मजल्यावर बसायचो,
बंदराकडे पाठ करून.
तीन कंपन्यांची नुकतीच एक झाली होती:
ऊब विकणारी, पाणी विकणारी, गोदीला वीज देणारी.
पाटी एक, चुली तीन.
जुनं काही मोडायचं नाही, असं ठरलं.
मोडायला पैसे लागतात, आणि जुन्या सिस्टिमची भाषा येणारा
एकच माणूस उरला होता,
तो गुरुवारपासूनच गळ टाकायला निघून जायचा.

म्हणून इल्क्का राउतावुओरीने फळ्यावर चौकोन काढले.
प्रत्येक चौकोन एक सेवा.
आपलं काम कर. विचारलं तर सांग.
न विचारलेलं सांगू नकोस.
शेजारच्या घरात डोकावू नकोस.
आणि सगळ्यांच्या मधून एक आडवी रेघ,
ती बस.
चाकं नाहीत, कंडक्टर नाही,
इथे जो चढला तोच तिथे उतरणार
एवढी हमी.
उतरणाऱ्याला तिथली बोली येते का
हे बस विचारत नाही.

आम्हाला ते फार आवडलं. खोटं कशाला बोलू,
त्या रात्री मी फळ्याचा फोटो काढून
बायकोला पाठवला होता.

आउनेबाईंचे यजमान, आर्वो, नोव्हेंबरात गेले.
मुलाने बिलवाल्यांना कळवलं.
बिलाच्या सेवेने खातं केलं बंद:
म्हणजे, या नावाने आता पत्र धाडू नका.
दोन अक्षरं आणि एक अनुस्वार, बसमध्ये जाऊन बसलं.
कराराच्या सेवेने ऐकलं, बंद:
म्हणजे अठ्ठ्याहत्तर सालची ती सही संपली.
तिने मान डोलावून पुढे दिलं.
मग दोन महिने ते कुठल्याशा रांगेत मुदत मोजत उभं होतं.
शेवटी झडपेच्या सेवेने ऐकलं, बंद.

झडपेला एकच बंद माहीत असतो.

रात्रभर मी नोंदी वाचल्या.
सगळीकडे हिरवं.
एक संदेश हरवलेला नाही, एक दोनदा गेलेला नाही,
प्रत्येकाने प्रत्येकाला पोच दिलेली.
कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नव्हता
आणि प्रत्येक पायपोस मापाला अचूक.

पहाटे चारला मला हिल्का सार्कामो आठवली.
विलीनीकरणात तिला फुलं आणि एक घड्याळ देऊन घरी पाठवलं होतं.
असले कागद पूर्वी तिच्या टेबलावरून जायचे.
ती समासात पेन्सिलने लिहायची:
बायको आहे. घरातच राहते. गुडघे दुखतात.
तिला कोणी विचारलेलं नसायचं.
ती पेन्सिल
आम्ही कुठल्या चौकोनात घातली असती?

उजाडल्यावर फिटरबरोबर मीही गेलो.
तळघरात त्याने पान्याने झडप फिरवली,
नळीत आधी खडखड, मग नुसता घसा साफ केल्यासारखा आवाज.
आउनेबाईंनी अंगात कोट ठेवूनच कॉफी ओतली.
तीन कप काढले होते. एक परत ठेवला.
काय झालं होतं, त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, एका शब्दाचा घोळ.
त्या म्हणाल्या, कुठल्या?
मी कॉफी प्यायलो.

संध्याकाळी पडद्यावर तक्रारींची सेवा विचारत होती:
काम झालं. बंद करू?
बोट तिथेच ठेवून मी बराच वेळ बसलो.
खाली औरा नदी गोठली होती,
तिच्यावरून कोणीतरी सायकल ढकलत
पलीकडे चाललं होतं, पूल असूनही.